गेह्वाताईचं मागणं

गेह्वाताई आणि मी कितीतरी वर्षं एकाच फळीच्या भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो. कोळशाच्या कंपनीनं डोंगराच्या उतारावर चाळी बांधल्या होत्या आणि दोन घरांच्या मध्ये नुसत्या फळ्या ठोकल्या होत्या. पलीकडे कोण शिंकलं, कोण कुणाला काय टाकून बोललं, सगळं ऐकू यायचं. गेह्वाताईची प्रार्थनाही मला रोज ऐकू यायची. ऐकावी लागायची म्हटलं तरी चालेल.

तिची प्रार्थना म्हणजे हुज्जत असायची. नवरा पाळीवर निघाला की ती भांडी घासता घासता सुरू व्हायची. "प्रभू, दुसिकच्या खोकल्याचं बघ म्हणून काल सांगितलं होतं. बघितलंस का? नाही ना. मग आज तरी बघ. आणि शेजारच्या मानसुकडेही लक्ष ठेव. दोघं एकाच पाळीला आहेत, तुला वेगळी खेप पडायची नाही."

मानसु माझा नवरा. जेवता जेवता हे त्याच्या कानावर पडलं की तो हसायचा. म्हणायचा, "आपल्या मुकादमापेक्षा देवालाच आपल्या पाळ्या जास्त पाठ झाल्या असतील."

आम्ही दोघीही एकाच चर्चला जायचो. गाव गांगवन प्रांताच्या डोंगरात, नदीचं पाणीसुद्धा काळं. पोरांनी चित्रात नदी काढली की ती काळ्या खडूनंच रंगवायची. अशा गावात रोज पहाटे प्रार्थनेला बायांची गर्दी असायची, कारण प्रत्येकीचा माणूस जमिनीच्या पोटात जायचा. आमच्याकडची रीत अशी की आधी सगळ्यांनी "प्रभू" म्हणून तीनदा मोठ्यानं हाक मारायची आणि मग ज्यानं त्यानं आपापलं गाऱ्हाणं एकदम, घसा फोडून सांगायचं. छप्पर दणाणायचं. घरी इतकं बोलणारी गेह्वाताई तिथे मात्र मुकी व्हायची. डोळे मिटून तळहातावर तळहात चोळत बसायची. तिची आई डोंगरदेवाच्या दिशेनं पाण्याचा वाडगा ठेवून असेच हात चोळायची, तिथलीच ही सवय.

मंडळीतल्या मोठ्या सेविका बांगबाई. त्यांना हे खपायचं नाही. एकदा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "भुतं उतरवायला बसलीस का गं? हात जोड नीट."

गेह्वाताईनं बोटं बोटांत गुंतवली. पण प्रार्थना सुरू झाली की ती सुटायची. शेवटी आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनीच, प्यो पाळकसाहेबांनी, बांगबाईंना सांगितलं, "तिच्या हातांचं देव बघून घेईल, तुम्ही डोळे मिटा." त्यावर बाया तोंडाला पदर लावल्यासारख्या हाताआड हसल्या होत्या.

दुसिक चर्चची पायरी चढला नाही कधी. घरात एकानं बोललं की पुरे, असं त्याचं म्हणणं. माणूस शांत. संध्याकाळी भट्टीवर डुकराचं मांस भाजायचं, वाडगाभर तांदळाची दारू घ्यायची आणि मुलगी येसुन हिच्या वेण्या घालायच्या. वेण्या तो गेह्वाताईपेक्षा चांगल्या घालायचा.

आमच्या खाणीच्या शेजारी एक जुनी, कधीची सोडून दिलेली खाण होती. तिच्यात वर्षानुवर्षांचं पाणी साठलं होतं. त्या वर्षी वसंताच्या तोंडाशी बर्फ वितळलं आणि एका सकाळी ते पाणी मधली भिंत फोडून आमच्या बोगद्यात शिरलं. भोंगा झाला तेव्हा मी मुळ्याचा पाला वाळत घालत होते. भोंगा वेळेवर झाला की कुणी मान वर करत नाही. हा अवेळी होता. सगळ्या चाळींतल्या बाया होत्या तशा पळाल्या. माझ्या एका पायात चप्पल नव्हती, हे मला खाणीच्या तोंडाशी पोहोचल्यावर कळलं.

आत दोन मजल्यांवर माणसं अडकली होती. वरच्या बोगद्यात कोण आणि खालच्या बोगद्यात कोण, हे सुरुवातीला कुणालाच सांगता येईना. त्या दिवशी मुकादमानं आयत्या वेळी टोळ्या बदलल्या होत्या, आणि मुकादमही आतच होता. कंपनीनं आम्हाला लाकडाच्या ढिगांपाशी तंबू मारून दिला. चर्चच्या बाया भाताच्या पातेल्यांसह आल्या. बांगबाईंनी "प्रभू" अशी हाक मारली आणि सगळ्यांनी रडत ओरडत प्रार्थना सुरू केली. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी हवेच्या लोखंडी नळीवर ठोका ऐकू आला. प्रत्येक कामगाराच्या दिव्याला नंबर असतो. आतला माणूस आपल्या दिव्याचा नंबर ठोक्यांनी सांगत होता. आधी एक आकडा, मग थांबून दुसरा. कचेरीतला माणूस धावत तंबूत आला. वरच्या बोगद्यात दोघे जिवंत होते. त्यांतला एक दुसिक.

खालून काही आवाज नव्हता. वरच्या दोघांत मानसुचा नंबर नव्हता, म्हणजे मानसु खाली होता.

गेह्वाताई माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा हात धरला होता तो सोडला नाही, पण तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिला आनंद दाखवता येईना आणि मला दुःख करता येईना. कारण ठोका नाही म्हणजे माणूस नाही, असं थोडंच आहे? नळी तुटली असेल. ठोकायला दगड सापडला नसेल. मी स्वतःला असलं काय काय सांगत होते.

पंप कमी होते. जवळच्या खाणींतून आणलेले धरूनही कमीच. ते सगळे वरच्या बोगद्याकडे लावले होते, कारण तिथे माणसं आहेत हे कळलं होतं. मग खालच्या माणसांच्या बाया उठल्या. आम्ही खाणीच्या साहेबांना वेढा घातला. अर्धे पंप खाली लावा, आमचीही माणसंच आहेत, असं आमचं म्हणणं. मी साहेबांचे पाय धरले. चिखलात बसून धरले. साहेब तरुण होता. विचार करतो, असं म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्या वेळात गेह्वाताई तंबूत नव्हती. मला ते आठवतं, कारण मी वळून तिला शोधलं होतं.

साहेबानं पंप हलवले नाहीत.

त्यानंतर दुसिक आणि दुसरा एक माणूस जिवंत बाहेर आले. उजेड सोसणार नाही म्हणून त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधले होते. दुसिकचे हात स्ट्रेचरच्या बाहेर लोंबत होते आणि नखं उखडलेली होती. सगळं गाव रडलं. रेडिओवर त्यांची नावं आली. खालचं पाणी काढायला आणखी पुष्कळ दिवस लागले. मानसुला मी त्याच्या कमरेच्या पट्ट्यावरून ओळखलं.

कंपनीतल्या एका जाणत्या माणसानं नंतर सांगितलं, की पाणी फुटलं त्याच क्षणी खालचे गेले असतील, पंपांचा काही संबंध नाही. 'असतील' म्हणाला तो. त्या एका शब्दावर मी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत.

चर्चमध्ये उपकारस्तुतीची सभा ठेवली. जिवंत परत आलेल्यांच्या घरच्यांनी उभं राहून देवानं काय केलं याची साक्ष द्यायची, असं ठरलं. मी जाणार नव्हते, पण घरात बसले तर भिंतीकडे बघत बसावं लागलं असतं, म्हणून गेले आणि शेवटच्या रांगेत माझ्या छोट्या लेकीला, उनहीला, मांडीवर घेऊन बसले. बांगबाईंनी गेह्वाताईला पुढे नेलं. बाया धीर द्यायला "आमेन, आमेन" म्हणत होत्या.

मग ती म्हणाली, "साहेब आत विचार करत होते तेव्हा मी लाकडांच्या मागे गेले होते. तिथे मी प्रार्थना केली. मी म्हटलं, प्रभू, पंप हलवू देऊ नकोस. एवढंच म्हटलं. पुन्हा पुन्हा तेवढंच."

कुणी आमेन म्हणालं नाही.

"रोज मी दोघांसाठी मागायचे," ती म्हणाली. "त्या दिवशी एकासाठीच मागितलं. आणि मिळालं. आता यात साक्ष कसली देऊ ते तुम्ही सांगा."

बांगबाईंनी घाईघाईनं गाणं सुरू केलं. गेह्वाताई मधल्या वाटेनं चालत बाहेर निघून गेली. जाताना माझ्याजवळ थांबेल असं मला वाटलं. थांबली नाही.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडची प्रार्थना बंद झाली. भांडी वाजायची, दुसिकचा खोकला यायचा, येसुन पाढे म्हणायची. बाकी काही नाही. मला तिचा राग होता का, असं लोकांनी मला पुढे अनेकदा विचारलं. होता. पण तिनं काय मागितलं याचा नव्हता. तिचा माणूस घरात खोकत होता याचा होता. त्या खोकल्यासाठी मी काय दिलं असतं.

कंपनी विधवांना कोळसा निवडायचं काम द्यायची. फिरत्या पट्ट्यावरून कोळसा सरकत येतो, त्यातले दगड हातानं उचलून टाकायचे. मी लागले त्या कामाला. घरी यायचे तेव्हा दाराशी सूप झाकून ठेवलेलं असायचं. मी ते उनहीला पाजायचे, वाडगा धुऊन तिच्या दाराशी ठेवायचे. एक शब्द नाही. असं थंडी येईपर्यंत चाललं.

थंडीच्या आधी आमच्याकडे कोबीची किमची, म्हणजे तिखटमिठाचं लोणचं, घालतात, ती एकटीनं होत नाही. चाळीतल्या सगळ्या बाया मिळून एकेका घरची घालतात. माझ्या घरची पाळी आली तेव्हा बाकीच्या बाया काही ना काही कारण काढून लवकर गेल्या आणि शेवटच्या पातेल्यापाशी आम्ही दोघीच उरलो. तिखटानं हात लाल झाले होते. गेह्वाताई कोबीच्या पानांत मसाला भरत खाली बघून म्हणाली, "उनहीच्या आई, मला शिव्या दे."

मी म्हटलं, "कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

मी कोबी खाली ठेवला. म्हटलं, "ताई, तू देवाचे पाय धरत होतीस तेव्हा मी साहेबाचे धरले होते. तुझ्या दुसिकचे पंप काढून माझ्या मानसुला लावा, हेच मी मागत होते. तुझं तुला मिळालं, माझं मला नाही. तू गुन्हेगार असशील तर मीपण आहे. चल, मीठ दे इकडे."

तिनं मीठ दिलं. मग तिच्या घशातून असा आवाज निघाला की मी दार लावून घेतलं. इतके महिने ती रडली नव्हती, सभेतसुद्धा नाही. तिखटाचे हात डोळ्यांना लावता येत नव्हते, म्हणून आम्ही दोघी हात लांब धरून रडत बसलो.

त्यानं आमच्यातलं मिटलं, पण तिची प्रार्थना काही परत आली नाही. तोंड उघडलं की ते पंपांचंच वाक्य येतं, असं ती मला सांगायची. येसुनच्या परीक्षेसाठी काही मागावं तर वाटायचं, कुणाची तरी पोर नापास होईल. दुसिकसाठी मागावं तर कुणाचा दुसिक जाईल. मागणं म्हणजे कुणाच्या तरी ताटातून काढून घेणं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती वाळत चालली होती. शेवटी मीच तिला प्यो पाळकसाहेबांकडे नेलं. माझी चर्चची वाट तोवर जवळजवळ मोडली होती, पण त्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर होता.

पाळकसाहेब उत्तरेकडचे, ह्वांगहेचे. लढाईत आईला मागे ठेवून आले होते आणि मग सीमेवरची वाट कायमची बंद झाली. त्यांनी गेह्वाताईचं सगळं ऐकून घेतलं. शास्त्रातलं वचन काढतील असं मला वाटलं. नाही काढलं. ते म्हणाले, "माझी आई आहे की गेली, मला माहीत नाही. आहे म्हणून मागू की गेली म्हणून मागू? इतकी वर्षं मला तिच्यासाठी धड एक प्रार्थना करता आलेली नाही. मी तिचं नाव घेतो आणि गप्प बसतो."

"मग पुढे?" गेह्वाताईनं विचारलं.

"पुढे काही नाही. तेवढंच येतं मला."

मंडळीचा पाळक असं बोलतो, याचं मला नवल वाटलं. गेह्वाताईला मात्र त्यातून काहीतरी धरायला मिळालं. ती पुन्हा पहाटे जायला लागली. बाकीच्यांचा कल्लोळ चाले तेव्हा ती मागे बसून त्या दिवशी खाली उतरणाऱ्या माणसांची नावं घ्यायची. नुसती नावं. सांभाळ नाही, वाचव नाही. बांगबाई म्हणायच्या, ही प्रार्थना करते की हजेरी घेते? गेह्वाताई उलटून बोलायची नाही. फक्त दुसिकचं नाव घेताना तिची जीभ अडखळते आणि मानसुचं घेताना अडखळत नाही, हे तिनं मला एकदा सांगितलं. मेलेल्यांचीही घ्यायची ती.

दुसिक पुन्हा खाणीत उतरला. दुसरं काम नव्हतं. येसुन लग्न होऊन आनसानला गेली, माझी उनही शिवणाच्या कारखान्यात लागली, आणि दुसिकच्या छातीत कोळशाची धूळ इतकी बसली की त्याला घरापासून नळापर्यंत जाता येईना. मग त्याला खाणकामगारांच्या इस्पितळात ठेवलं. तिथल्या त्या वॉर्डात सगळे एकाच रोगाचे. आडवं झालं की गुदमरतं, म्हणून सगळे बसून झोपायचे, पुढ्यात उशी घेऊन. एक श्वास घ्यायला खांदे, मान, पोट सगळं लावावं लागायचं. खाण त्यानं सोडून दिली होती, पण ती त्याच्या आत शिरून बसली होती. एक हिवाळा गेला, दुसरा आला. डॉक्टर म्हणायचे, आता काही दिवस. मग तेच डॉक्टर हृदय मजबूत आहे म्हणायचे.

एका दुपारी मी आणि गेह्वाताई त्याच्याजवळ होतो. ती त्याची पाठ पुसत होती. त्यानं तिचं मनगट धरलं. एकेक शब्द तोडून बोलला, मधे श्वासासाठी थांबत.

"तू माग."

ती म्हणाली, "काय मागू?"

"नेऊ दे मला."

ती टॉवेल पिळायला लागली. टॉवेल कोरडा होता.

"तेव्हा मागितलंस," तो म्हणाला. "मिळालं. तुझं ऐकतो तो."

जन्मात ज्यानं चर्चची पायरी चढली नाही, तो हे बोलत होता. थट्टा नव्हती त्यात. त्याला खरंच वाटत होतं की बायकोच्या हाती ती चावी आहे आणि ती उगाच धरून बसलीय. गेह्वाताईचा चेहरा मला बघवेना. मी बाहेर जायला उठले तर ती म्हणाली, "थांब. तेव्हा तू नव्हतीस. आता समोर बस."

मी बसले. ती खाटेजवळ जमिनीवर गुडघे टेकून बसली. तिनं हात जोडले नाहीत की चोळले नाहीत, नुसते त्याच्या पायांवर ठेवले. पाय सुजलेले होते. मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "प्रभू, त्या वेळी मी म्हटलं, दे. आता म्हणते, घे. फार झालं. आजच घे याला." पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा श्वास घेता घेता "आमेन" म्हणाला. आणि आम्ही वाट बघत बसलो.

काही झालं नाही. संध्याकाळी परिचारिका आली, तिनं तापमान बघितलं. दुसऱ्या दिवशी दुसिक तसाच बसलेला होता, तसेच खांदे वर खाली होत होते. त्यानं बायकोकडे बघितलं आणि मान फिरवली. ती रोज मागत राहिली. त्या महिन्यात इतकं मागितलं तिनं, की गेल्या सगळ्या वर्षांचा साठा निघाला. विनवलं, भांडली, उपास धरला, एकदा तर देवाला बहिरा म्हणाली. दुसिकचा जीव जाईना. तो तडफडत होता आणि हिला बघावं लागत होतं. याहून वाईट दिवस मी पाहिले नाहीत, माझे स्वतःचे धरून.

एकदा आम्ही इस्पितळाच्या मागे कपडे वाळत घालत होतो. ती एकदम थांबली. म्हणाली, "ऐकत नाही गं तो माझं."

मी दोरीवर पुढचा टॉवेल टाकला.

"म्हणजे तेव्हाही माझं ऐकून केलं नसेल," ती म्हणाली. "पंप माझ्यामुळे थांबले नसतील."

"साहेबानंच ठरवलं होतं, ताई. मी तिथेच होते."

"हो. तू सांगितलं होतंस." ओली चादर हातात धरून ती उभी राहिली. चेहऱ्यावर सुख नव्हतं. हलकं वाटलं असेल असंही मला दिसलं नाही. आत नवरा गुदमरत होता, आणि तो गुदमरतोय म्हणूनच तिची सुटका होत होती. असल्या सुटकेचं कुणी काय करावं? थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण मग ऐकायचं नसेल तर तो आहे कशाला?" हे तिनं मला विचारलं की देवाला, ते मला कळलं नाही. चादर आम्ही दोघींनी टोकं धरून पिळली.

दुसिक वसंतात गेला. गेह्वाताई गरम पाणी आणायला गेली होती, ती परत येईपर्यंत झालं होतं. त्या दिवशी तिनं काही मागितलंही नव्हतं.

त्यानंतर खाण बंद पडली. चाळी रिकाम्या झाल्या, फळ्या लोकांनी सरपणाला नेल्या. गेह्वाताई आनसानला येसुनकडे गेली, मी इथेच राहिले. उनहीनं मला फोन घेऊन दिला आहे, त्यावर गेह्वाताई रविवारी बोलते. तिकडचं चर्च म्हणे एवढं मोठं की पाळक पडद्यावर बघावा लागतो. तिथे तिला प्रार्थना सुचत नाही. ती नातवाचे डबे धुताना करते, आणि पुन्हा हुज्जत घालते, असं येसुन सांगते. मधेच काही दिवस गप्पही असते. तिचं त्याच्याशी सगळं मिटलेलं नाही. मिटेल असंही मला वाटत नाही.

मागच्या रविवारी तिनं विचारलं, "तुझ्यासाठी काय मागू?"

मी म्हटलं, "गुडघ्यांचं बघ. चढ चढवत नाही."

"मागते," ती म्हणाली. "मिळेल की नाही ते मला विचारू नकोस." आणि मग तिनं विचारलं, की यंदा मुळे कसे आले आहेत, आणि वर सांगितलं, किमचीत मीठ बेतानं घाल, गेल्या वर्षी तू फार खारट केली होतीस.